सईच्या डब्यातली गूळपोळी

जबाब देणार: इशिता गुरुदत्त पेंढारकर, वय सतरा, काम शिक्षण, इयत्ता अकरावी. राहणार आयसेलिन, ओक ट्री रोडच्या मागची अपार्टमेंट्स, न्यू जर्सी. मूळ गाव नागपूर. सोबत हजर: आई, नीलांबरी पेंढारकर. मराठीतून जबाब लिहून घेणाऱ्या दुभाषी: नीना दिघे.

मी वर लिहिलेली इशिता, आज शुक्रवारी शाळा सुटल्यावर आईबरोबर आपल्या पायांनी पोलिस स्टेशनला आले आणि समक्ष सांगते ते असं. मला इंग्रजी येतं. पण इंग्रजीत बोलायला लागले की मी दर वाक्याला सॉरी म्हणते, आणि आज मला ते म्हणायचं नाहीये. शिवाय आईला शब्दन् शब्द कळायला हवा. म्हणून मराठीत. डिटेक्टिव्ह मॅडमनी मला माझे हक्क वाचून दाखवले, ते समजले.

आधी मुद्द्याचं. बुधवारी संक्रांतीच्या दिवशी सई अवधूत राजाध्यक्ष हिने शाळेत गूळपोळी खाल्ली आणि त्यामुळे ती आता हॉस्पिटलमध्ये आहे. ती पोळी तिच्या आईने केलेली नव्हती. ती माझ्या आईने केलेली होती. सईला तिळाची ॲलर्जी आहे. आमच्या पोळीत तीळ असतो, तिच्या घरच्या पोळीत नसतो. शाळा, हॉस्पिटल आणि स्वतः अदिती काकू, म्हणजे सईची आई, सगळे असं धरून चाललेत की काकूंच्याच हातून चुकून तीळ गेला. तसं झालेलं नाही. ती पोळी सईच्या डब्यात रीमाने ठेवली. मी बघितलं.

रीमा माझी मैत्रीण. आहे की होती, ते मलाच ठरवता येत नाहीये. आम्ही नागपूरहून इथे आलो तेव्हा मी नववीत होते. स्कूलबसमध्ये माझ्याशेजारी कोणी बसायचं नाही, कारण मी डब्यात मेथीचे पराठे न्यायचे आणि ‘व्हेजिटेबल’ चुकीचं म्हणायचे. रीमा आपणहून येऊन बसली. ती इथेच जन्मलेली, मराठी कळतं पण बोलते तोडकंमोडकं. आम्ही दोघी ओक ट्री रोडला कानातले बघत हिंडायचो, विकत काही घ्यायचो नाही. संक्रांतीला ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, वर तूप घालून गूळपोळी खायची. आईला म्हणायची, ‘आंटी, तुम्ही मला अडॉप्ट करा.’

सई गेल्या सप्टेंबरमध्ये टेक्सासहून आली. विचारल्यावरून सांगते की ती चांगली मुलगी आहे. हाच तर वैताग आहे. इथे जन्मलेली, तरी ‘ळ’ स्वच्छ म्हणते. माझी आई तिच्या ‘ळ’वर इतकी खूश की घरात आठवडाभर तेच. गाते सुंदर. केस लांब. नमस्कार वाकून करते. काकूंना ‘अगं आई’ म्हणते, ‘मॉम’ नाही. आई म्हणायची, बघ, शीक जरा. मी नागपूरची, आणि मी टेक्सासच्या मुलीकडून मराठीपण शिकू! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

रीमा आणि सई एकाच गाण्याच्या ग्रुपमध्ये आहेत. मीही आहे, मागच्या रांगेत. ऑक्टोबरपासून बसमध्ये त्या दोघी पुढे बसायला लागल्या. कोणी भांडलं नाही, कोणी मला काही बोललं नाही. मी चढायचे तेव्हा रीमाच्या शेजारच्या सीटवर सईसाठी बॅग ठेवलेली असायची, एवढंच. ओक ट्री रोडलाही त्या दोघी गेल्या, कानातल्यांचा फोटो टाकला. सेम टू सेम कानातले. विकत घेतलेले.

डिटेक्टिव्ह मॅडमनी विचारलं, तुला सईचा मत्सर वाटत होता का? हो, वाटत होता. जळत होते मी. दुसऱ्यांनी सांगण्याआधी माझ्याच तोंडून लिहा.

आता ॲलर्जीचं. दिवाळीला राजाध्यक्ष मंडळी आमच्याकडे फराळाला आली होती. सईने आईच्या चकलीला हात लावला नाही. चकलीत तीळ असतो. काकूंनी नीट सांगितलं, तिच्या बॅगेत कायम इंजेक्शनचं पेन असतं तेही दाखवलं. ते लोक गेल्यावर आई भांडी आवरताना म्हणाली, ‘तीळ बाधतो म्हणे! आमच्या सात पिढ्यांत कोणाला तीळ बाधला नाही. अमेरिकेत आलं की नखरे सुचतात.’ आई इथे बसली आहे. तिला हे ऐकून वाईट वाटतंय, पण ती म्हणाली होती. आमच्याकडे सगळेच असं म्हणतात. शेंगदाण्याचं इथे ऐकून ऐकून पटलंय. तिळाचं पटत नाही. संक्रांतीला दारात आलेल्याला आपण तीळच देतो ना, तो बाधेल कसा?

जानेवारीच्या सुरुवातीला ग्रुपच्या सरांनी स्प्रिंग कॉम्पिटिशनचा सोलो सईला दिला. आधीची दोन्ही वर्षं तो रीमाचा होता. त्या दिवशी बसमध्ये रीमा माझ्या शेजारी येऊन बसली. किती तरी महिन्यांनी. आणि सईबद्दल बोलायला लागली. शी इज सो फेक, सगळं अटेन्शनसाठी. मी काय केलं, तर आईचं ते चकलीचं वाक्य तिला सांगितलं. वर माझंही घातलं. म्हटलं, घरी गुपचूप चिक्की खात असेल. रीमा खो खो हसली आणि तिने माझ्या खांद्यावर हात टाकला. तो हात स्टॉप येईपर्यंत तिथेच होता. मग मी रोज काहीतरी सांगायला लागले. सईबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं, त्यामुळे रोज तिळाचंच सांगायचे.

सोमवारी सईने ग्रुपवर टाकलं की बुधवारी तिची आई शेंगदाणे आणि खसखस घालून, तिळाशिवाय गूळपोळी करून देणार आहे. त्याच दिवशी रीमा मला म्हणाली, ‘यार, माझ्यासाठी आंटीची गूळपोळी आण ना. आय मिस इट सो मच.’ मला दुसरं काही सुचलंच नाही. मी घरी जाऊन आईच्या मागे लागले की मंगळवारीच पोळ्या कर. आईने केल्या. त्यातली न फुटलेली, सगळीकडे सारखा गूळ पसरलेली मी रीमासाठी निवडली. फॉइलमध्ये गुंडाळली. छोट्या डबीत तूप घेतलं. बुधवारी सकाळी दिली. ‘थँक्स’ म्हणाली आणि न बघता बॅगेत टाकली. तुपाची डबी माझ्याकडेच राहिली.

लंचला कॅफेटेरियात आमच्या ग्रुपचं टेबल ठरलेलं आहे. त्या दिवशी टेबलावर सई, रीमा आणि अंकुर होते. अंकुर ग्रुपमध्ये तबला वाजवतो. तो गुजराती आहे, त्याला मराठी कळत नाही. मी दुधाच्या रांगेत होते, तिथून टेबल समोर दिसतं. अंकुर सईला म्हणाला की व्हेंडिंग मशीनमध्ये त्याचे पैसे अडकलेत, चल मदत कर. त्याला काय माहीत होतं ते त्याला विचारा. ती दोघं गेल्यावर रीमाने सईचा डबा उघडला, त्यातली पोळी काढली, फॉइलमधली ठेवली आणि सईची पोळी फॉइलमध्ये गुंडाळली. अगदी सावकाश. मग तिने मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. तिने मला डोळा मारला.

तेव्हा मला काय वाटलं असं विचारल्यावरून सांगते. माझ्या मनात सई आली नाही. माझ्या मनात आलं, ती पोळी मी हिच्यासाठी आणली होती. हिने उघडून बघितलीसुद्धा नाही. मला इतका राग आला की हातातलं दूध सांडलं. आणि तरी तिने डोळा मारला त्याचं बरं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं. रीमाने सईबरोबरच्या कुठल्या गमतीत मला कधी घेतलं नव्हतं, सईविरुद्धच्या गमतीत घेतलं.

सई आणि अंकुर परत आल्यावर मी टेबलाशी येऊन सईच्या शेजारी बसले. रीमा फॉइल टाकायला कचऱ्याच्या डब्याकडे गेली ती तिकडेच कोणाशी तरी बोलत उभी राहिली. सईने डबा उघडला. ती पोळी माझ्या आईचीच होती याची मला शंभर टक्के खात्री आहे. गूळपोळीच्या कडेपर्यंत गूळ जात नाही, कड कोरडी राहते, म्हणून माझी आई करंजीचं कातण फिरवून कड कापते. तिला नागमोडी कड येते. असं दुसरं कोणी करताना मी बघितलेलं नाही. काकूंच्या पोळीची कड साधी असते. सईने हे बघितलं नाही, ती अंकुरशी बोलत होती. पहिला तुकडा तिने तोंडात टाकला आणि म्हणाली, ‘अगं बाई, आज आईची पोळी काय भारी झालीये!’

हे लिहू नका असं मी म्हटलं, पण नीना मॅडम म्हणाल्या सगळं लिहायचं असतं. तर लिहा. मला तेव्हा आनंद झाला. माझी आई दिवाळीपासून सईचं कौतुक करत होती, आज सई माझ्या आईचं करत होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

थोड्या वेळाने सई हनुवटी खाजवायला लागली. मग ओठ. तिने मांडीवरच्या बॅगेची पुढची चेन अर्धी उघडली. पेन त्याच कप्प्यात असतं. माझ्याकडे वळून ती काहीतरी बोलली. कॅफेटेरियात गोंगाट होता, ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मग तिने चेन परत लावली. का लावली ते मला माहीत नाही. तिने उरलेली पोळी खाल्ली. कड ठेवली. ती पोळीची कड कधीच खात नाही, काकू त्यावरून तिला ओरडतात.

लंचनंतर म्युझिक रूममध्ये प्रॅक्टिस होती. सईचा सोलो सुरू झाला. वरच्या स्वराला आवाज फाटला. सर म्हणाले, पाणी पी, पुन्हा घे. तिने पुन्हा घेतला, आवाज आलाच नाही. तिचा चेहरा सुजला होता. ती गळ्याला हात लावून खाली बसली. मग पळापळ झाली, नर्स आली, नर्सने बॅगेतलं पेन काढून मांडीत टोचलं, मग अजून एक टोचलं, मग ॲम्ब्युलन्स आली. मी मागच्या रांगेत उभी होते. आवाज पहिल्यांदा फाटला तेव्हा मी खूश झाले होते हेही खरं आहे. ती खाली बसेपर्यंत.

रीमा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. नंतर मला बाथरूममध्ये गाठून म्हणाली, ‘आपल्याला माहीत नव्हतं, ओके? इट वॉज अ जोक. आणि पोळी तुझ्या घरची आहे. तुम्ही व्हिसावर आहात. थिंक.’ ती ‘आपल्याला’ म्हणाली. तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघी वर्गात गेलो.

गुरुवारी संध्याकाळी आई मुगाची खिचडी घेऊन हॉस्पिटलला निघाली, मला पण नेलं. सईच्या घशात नळी आहे, ती बोलू शकत नाही. काकू बाहेर कॉरिडॉरमध्ये बसल्या होत्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, ‘नीलांबरी, माझ्याच हातून झालं गं. दुकानातून भाजके दाणे आणले, त्यात तीळ मिसळला असणार. मी बघितलं कसं नाही?’ त्यांनी घरातला तवा, पोळपाट, लाटणं, पिठाचा डबा सगळं कचऱ्यात टाकलं होतं. हॉस्पिटलच्या सोशल वर्करने त्यांना विचारलं होतं की ॲलर्जी माहीत असताना घरात काय काय ठेवता. काकू म्हणाल्या, ‘बरोबरच आहे त्यांचं. असल्या आईच्या हाती मूल देऊच नये.’

सईची बॅग शाळेतून तिथे आली होती. काकूंनी डबा काढून आईपुढे धरला. आत पोळीची कड होती. ‘ही बघ, हीच,’ म्हणाल्या. इतकं रडून त्यांचे डोळे सुजले होते, ही आपली पोळी नाही हेसुद्धा त्यांना ओळखता येत नव्हतं. माझ्या आईने ती कड बघितली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, ‘अदिती, हा डबा कोणाला देऊ नकोस, धुऊ नकोस.’

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर आईने विचारलं, ‘कोणाला दिलीस तू पोळी?’ मी सांगितलं. आई म्हणाली, ‘एरवी तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि हे कसं पोटात ठेवलंस गं?’ मग ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा जर्सी सिटीला कामाला जातात. ते घरी आल्यावर म्हणाले, आधी वकिलाला विचारू, ग्रीन कार्डची फाइल आत आहे, घाई नको. आई म्हणाली, ‘तिकडे ती बाई तवे फेकतेय आणि तुम्ही फाइल काय सांगताय!’ तरी आज सकाळी मी शाळेत गेले, कारण मला अजून यायचं नव्हतं. बसमध्ये रीमाने तिच्या शेजारच्या सीटवरची बॅग उचलली आणि मला ‘ये’ म्हणाली. पुढची सीट. सईची. मी बसले. सगळा रस्ता ती तिच्या एका कानातला इयरफोन माझ्या कानात घालून गाणी ऐकवत होती. मला हेच हवं होतं. ऑक्टोबरपासून हेच हवं होतं. आणि मला सारखी काकूंची ती कचऱ्यात टाकलेली कणीक दिसत होती. शाळा सुटल्यावर मी बसने गेले नाही, आईला फोन केला.

रीमाला सई मरावी असं वाटत होतं का, असं विचारल्यावरून सांगते की नाही. तिला वाटत होतं काही होणारच नाही. सई खाईल, काही होणार नाही, मग आम्ही सगळ्यांपुढे सांगू की बघा, तीळ खाल्ला हिने, नाटकी कुठली. तसं तिला वाटायला मीच लावलं. पोळी मी आणली पण डब्यात ठेवली नाही. डब्यातली कड तपासून बघा. आमचं कातणही आईने पर्समध्ये आणलं आहे.

माझं काही मागणं आहे का, असं विचारलं. एकच आहे. हे आज, आत्ता, काकूंना कोणीतरी फोन करून सांगा. सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारपर्यंत थांबू नका.

वरचा जबाब नीना मॅडमनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला, आईनेही ऐकला. मी बोलले तसाच उतरला आहे, पण एक जागा मीच खोटी सांगितली, ती बदलून घ्या. गोंगाटामुळे सई काय बोलली ते ऐकू आलं नाही, असं लिहिलं आहे. ते खोडा. गोंगाट होता, पण ती माझ्या कानाशी बोलली. मराठीत बोलली. रीमा लांब होती, अंकुरला मराठी कळत नाही, सईच्या घशात नळी आहे, त्यामुळे हे माझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. सई म्हणाली, ‘इशिता, यात तीळ तर नाही ना गं? बघ ना, तुला कळतं.’ मी तिच्या हातातली पोळी बघितली. आईने कातलेली कड बघितली. आणि म्हणाले, ‘नाही गं, दाणेच आहेत. खा.’

मग तिने बॅगेची चेन लावली. का लावली ते मला माहीत आहे.

एवढं बदललं की जबाब खरा आहे. खाली सही करते.

इशिता गुरुदत्त पेंढारकर